चौदा जणांच्या कंपनीलाही पार्ट डीची नोटीस द्यावी लागते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत एडिसनला तुमची १४ जणांची आयटी कंपनी आहे. जानेवारी २०२५ पासून तुम्ही जुना पीपीओ (डॉक्टर निवडायची जास्त मोकळीक देणारा प्लॅन) सोडून ३,५०० डॉलर डिडक्टिबलचा (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेचा) हाय डिडक्टिबल प्लॅन घेतलात आणि २०२६ साठीही तोच चालू ठेवलात. आता फेब्रुवारी २०२६ मध्ये ब्रोकरने एका ओळीचा ईमेल टाकलाय : ‘पार्ट डी डिस्क्लोजर १ मार्चच्या आत भरा.’ (पार्ट डी म्हणजे मेडिकेअर या मुख्यतः ६५ च्या वरच्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातला औषधांचा भाग.) तुम्ही हे आजवर कधी भरलेलं नाही आणि कर्मचाऱ्यांना कसली नोटीसही दिलेली नाही. तुमचे अकाउंटंट ६७ वर्षांचे आहेत, त्यांच्या पत्नीला डिसेंबरात ६५ पूर्ण झाली, आणि दोघंही तुमच्याच प्लॅनवर आहेत. तुम्ही विचारताय की एवढ्या छोट्या कंपनीला हे लागू होतं का, हे काम विमा कंपनीचं नाही का, आणि दंड किती बसेल.

पहिल्या दोन्हींची उत्तरं तुम्हाला आवडणार नाहीत. लागू होतं, आणि जबाबदारी तुमची आहे. तिसऱ्याचं उत्तर वरवर आवडेल : तुम्हाला ठरावीक असा दंड नाही. दंड त्या अकाउंटंटना बसतो. म्हणूनच तुमच्या ईमेलमधली मार्चची तारीख मला दुय्यम वाटते. त्या जोडप्याच्या हातात आज कोणता कागद आहे, याची मला जास्त काळजी आहे.

हा नियम आला कुठून ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. मेडिकेअरमध्ये औषधांचा विमा, म्हणजे पार्ट डी, २००३ च्या कायद्याने आला आणि १ जानेवारी २००६ पासून सुरू झाला. तो घेणं ऐच्छिक आहे. ऐच्छिक विम्याचा नेहमीचा धोका असा की धडधाकट असेपर्यंत लोक लांब राहतात आणि महागडं औषध सुरू झालं की धावत येतात. तसं होऊ नये म्हणून उशिरा येणाऱ्याला कायमची पेनल्टी ठेवली. पण जो माणूस नोकरीच्या प्लॅनमधून आधीच औषधांचा चांगला विमा घेऊन बसलाय, त्याला ती लावणं अन्याय झाला असता. म्हणून सूट दिली : तुमचा सध्याचा औषध-विमा सरासरीने पार्ट डीच्या स्टँडर्ड विम्याइतका तरी दमदार असेल, तर तो ‘क्रेडिटेबल’, आणि तो असेपर्यंत पेनल्टीचे महिने मोजले जात नाहीत.

आता आपला प्लॅन तेवढा दमदार आहे की नाही, हे कर्मचाऱ्याला कसं कळणार? इन्शुरन्स कार्डावर ते लिहिलेलं नसतं. ते कळायची सोय फक्त प्लॅन देणाऱ्याकडे, म्हणजे एम्प्लॉयरकडे असते. म्हणून सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली. यात वीसच्या आतली कंपनी, पन्नासच्या आतली कंपनी अशी कुठलीही सवलत नाही. प्लॅनमध्ये औषधांचा समावेश आहे आणि प्लॅनवर मेडिकेअरला पात्र असा एक जरी माणूस आहे, की नियम लागू. लहान कंपन्यांचा गोंधळ होतो तो बहुधा ‘२० कर्मचारी’ या दुसऱ्याच एका आकड्यामुळे. त्याच्याकडे नंतर येतो, कारण तोही तुम्हाला लागू आहे, पण वेगळ्या कारणाने.

सांगायचं दोन ठिकाणी. एक, माणसांना : लेखी नोटीस. दोन, मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या सरकारी संस्थेला : ऑनलाइन फॉर्म. ब्रोकरने तुम्हाला फक्त दुसऱ्याची आठवण करून दिली. बहुतेक ब्रोकर तेवढीच देतात, कारण तारीख त्या कामाला चिकटलेली असते. माझ्या मते पहिलं काम शंभर पटींनी महत्त्वाचं.

नोटीस पाच प्रसंगी द्यावी लागते. दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आधी, कारण त्या दिवसापासून ७ डिसेंबरपर्यंत पार्ट डी निवडायची खिडकी उघडी असते. मेडिकेअरला पात्र माणूस तुमच्या प्लॅनवर येण्याआधी. कुणाची पार्ट डीची पहिली मुदत सुरू होण्याआधी. प्लॅन बंद झाला किंवा त्याचा दर्जा बदलला तेव्हा. आणि कुणी मागितली तर केव्हाही. ऐकायला भरपूर वाटतं, पण यातल्या ‘आधी’चा अर्थ ‘मागच्या बारा महिन्यांत कधीतरी’ असा धरतात. त्यामुळे दर सप्टेंबरला सगळ्यांना एकदा आणि नव्याने रुजू होणाऱ्याला त्याच्या कागदपत्रांसोबत एकदा नोटीस दिली, की जवळपास सगळं झाकलं जातं. उरतो तो दर्जा बदलण्याचा प्रसंग. तुमची गाडी नेमकी तिथेच अडकली आहे.

‘सगळ्यांना’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कायद्याने नोटीस फक्त मेडिकेअरला पात्र माणसांना द्यायची असते. छोट्या कंपनीचा मालक मग पेरोल उघडतो, ६५ च्या वरचे कोण ते बघतो आणि त्यांना कागद पाठवून मोकळा होतो. हे चुकतं. पेरोलमध्ये बायकोचं वय नसतं. डिसॅबिलिटीमुळे पन्नाशीतच मेडिकेअर मिळालेला नवरा त्यात नसतो. डायलिसिसवर असलेली मुलगी त्यात नसते. नोकरी सोडून स्वतःच्या पैशाने तोच विमा चालू ठेवणारा माणूस (मोठ्या कंपन्यांत याला कोब्रा म्हणतात, वीसच्या आतल्या कंपनीत राज्याची तशीच सोय असते) तर पेरोलवरच नसतो. आणि ‘घरात कुणाला मेडिकेअर आहे का’ असं विचारत फिरणं म्हणजे लोकांच्या आजारपणात डोकावणं, ते कोणत्याही मालकाने टाळावं. चौदाच्या चौदा जणांना आणि असा विमा चालू ठेवणाऱ्यांना एकच कागद द्या. पंचविशीतला मुलगा न वाचता फेकून देईल, देऊ दे.

कुटुंबाला मिळून एक नोटीस चालते, पण एखादी पत्नी किंवा मूल वेगळ्या पत्त्यावर राहतं हे तुम्हाला माहीत असेल तर तिथे वेगळी पाठवायची. ईमेल चालतो, पण ज्यांचं रोजचं काम कॉम्प्युटरवर आहे अशा कर्मचाऱ्यांनाच. तुमच्याकडे बहुतेक सगळे तसेच असतील. ईमेलमध्ये एक वाक्य हवंच : घरात मेडिकेअरला पात्र कुणी असेल तर ही नोटीस त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमची जबाबदारी. नोकरी सोडून विमा चालू ठेवणाऱ्यांना मात्र साधं टपाल. एनरोलमेंटच्या जाडजूड पॅकेटमध्ये नोटीस घातली तर पॅकेटच्या पहिल्या पानावर किमान १४ पॉइंटच्या अक्षरात, चौकटीत किंवा ठळक, ‘ही नोटीस आत अमुक पानावर आहे’ असं लिहावं लागतं. चाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात दडवलेली नोटीस दिलेली धरत नाहीत. सीएमएसने नमुने तयार ठेवलेत, क्रेडिटेबलसाठी एक आणि नसलेल्यासाठी एक, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. वकिलाला पैसे देऊन नवीन मसुदा करून घेऊ नका. नमुना घ्या आणि मोकळ्या जागा भरा.

आता खरी अडचण : तुमचा प्लॅन क्रेडिटेबल आहे का? हे मी इथून सांगू शकत नाही, आणि नुसतं डिडक्टिबल ऐकून जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण शंका का घ्यावी हे सांगू शकते.

२०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन कायद्याने पार्ट डी पार बदलून टाकला. पूर्वी मधल्या टप्प्यात रुग्णाच्या खिशाला मोठी कात्री लागायची आणि वरचा खर्चही पूर्ण थांबत नव्हता. २०२५ पासून तो मधला टप्पा गेला आणि रुग्णाच्या वर्षभराच्या खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली. २०२६ मध्ये ती २,१०० आहे आणि स्टँडर्ड डिडक्टिबल ६१५ डॉलर. म्हणजे ज्या मापाशी तुमचा प्लॅन ताडून बघायचा, ते मापच उंच झालं. तुमचा प्लॅन तसूभरही न बदलता २०२४ मध्ये पास आणि २०२५ मध्ये नापास असं होऊ शकतं. तुम्ही तर त्याच जानेवारीत डिडक्टिबल वाढवलंत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि विरुद्ध दिशेने झाल्या.

तपासायच्या पद्धती दोन. एक ॲक्चुअरीकडून (विम्याचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून) रीतसर हिशोब करून घेणं, आणि दुसरी सीएमएसची सोपी चाचणी. जुन्या सोप्या चाचणीत प्लॅनने औषधांच्या खर्चाचा सरासरी ६० टक्के भार उचलावा अशी अट होती. शिवाय औषधं आणि उपचार यांचं डिडक्टिबल एकत्र असेल तर ते २५० डॉलरच्या वर चालत नव्हतं. तुमचं ३,५०० चं एकत्र डिडक्टिबल या चाचणीच्या दारातच अडतं, मग ॲक्चुअरीशिवाय गत्यंतर नाही. २०२६ साठी नवी सोपी चाचणी आली. तिच्यात २५० ची अट नाही, पण प्लॅनने सरासरी ७२ टक्के भार उचलायला हवा, आणि ब्रँडेड व जेनेरिकच्या जोडीला बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली) औषधंही नीट यायला हवीत. २०२६ साठी दोन्हींपैकी कुठलीही चाचणी वापरायची मुभा आहे, आणि ती मुभा या एका वर्षापुरतीच म्हणून जाहीर झाली होती.

हाय डिडक्टिबल प्लॅन या चाचण्यांत का अडकतात? एचएसए (उपचारांसाठी करमुक्त पैसे साठवायचं खातं) चालू ठेवायचं तर डिडक्टिबल भरेपर्यंत प्लॅनला बहुतेक औषधांचे पैसे देता येत नाहीत. अपवाद आहेत : इन्शुलिन, आणि मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा दीर्घ आजारांच्या काही औषधांना ‘प्रिव्हेंटिव्ह’ धरून आधीपासूनच पैसे देता येतात. तुमच्या प्लॅनमध्ये अशी यादी असेल तर निकाल तुमच्या बाजूने झुकू शकतो. म्हणून म्हटलं, ३,५०० या आकड्यावरून निर्णय होत नाही. ३,५०० डिडक्टिबलचे काही प्लॅन पास होतात, काही होत नाहीत.

ठरवायचं कोणी? इथे सगळं तुमच्या प्लॅनच्या जातीवर अवलंबून आहे. प्लॅन फुली इन्शुअर्ड असेल, म्हणजे प्रीमियम भरला की क्लेमचा सगळा धोका विमा कंपनीचा, तर विमा कंपनीने हा हिशोब बहुतेक करून ठेवलेला असतो. प्लॅनचं पूर्ण नाव आणि प्लॅन वर्ष लिहून लेखी विचारा. फोनवरचं ‘हो हो, क्रेडिटेबल आहे’ मी कधी धरत नाही, कारण एकाच कॅरिअरच्या (विमा कंपनीच्या) मिळत्याजुळत्या नावांच्या दोन प्लॅनपैकी एक पास आणि दुसरा नापास असतो. लेव्हल फंडेड प्लॅन असेल तर सावध राहा. दरमहा ठरावीक रक्कम जात असल्यामुळे तो मालकांना इन्शुअर्ड वाटतो, पण कायद्याच्या नजरेत तो सेल्फ फंडेडच, म्हणजे क्लेमचा धोका मालकाने उचललेला असतो, आणि मग हिशोब करून घेणं तुमच्या अंगावर येतं. टीपीए (क्लेमचं काम बघणारी कंपनी) किंवा पीबीएमला (औषध-विम्याचं काम बघणाऱ्या कंपनीला) विचारा. ते करून देतात, कधी फुकट, कधी थोडे पैसे घेऊन. आणि तुम्ही एखाद्या पीईओच्या (छोट्या कंपन्यांचं पेरोल आणि विमा एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीच्या) प्लॅनमध्ये असाल, जे तुमच्या आकाराच्या आयटी कंपन्यांत बरंच दिसतं, तर नोटीस आणि फॉर्म दोन्ही पीईओ करत असण्याची शक्यता आहे. तरी त्यांच्याकडून तसं लेखी घ्या. तुमच्याकडे दोन पर्याय असतील, उदाहरणार्थ एक पीपीओ आणि एक हाय डिडक्टिबल, तर प्रत्येकाचा निकाल वेगळा काढायचा आणि नोटिशीत दोन्हींची नावं घालायची.

विमा कंपनीने निकाल काढून दिला म्हणजे नोटीसही तीच पाठवेल, असं समजू नका. काही पाठवतात, बऱ्याच पाठवत नाहीत. सीएमएसचा फॉर्म तर तुमच्या वतीने ती भरत नाहीच. याच सुमारास तुम्हाला ‘आरएक्सडीसी’ नावाची आणखी एक औषधांची माहिती भरायचा ईमेल येईल, त्याची मुदत १ जून. तो रिपोर्ट विमा कंपनी बहुधा भरते आणि त्याचा पार्ट डीशी काही संबंध नाही. ‘आमच्या कॅरिअरने भरलं’ असं म्हणणारे निम्मे लोक या दोन गोष्टी एकच समजत असतात.

आता ते जोडपं. समजा निकाल आला की २०२५ पासूनचा प्लॅन क्रेडिटेबल नाही.

आधी पत्नी, कारण त्यांची घाई जास्त. डिसेंबरात ६५ पूर्ण झाली, म्हणजे त्यांची पहिली मुदत सप्टेंबरला सुरू झाली आणि ३१ मार्चला संपते : आधीचे तीन महिने, वाढदिवसाचा महिना, नंतरचे तीन महिने. वाढदिवस नेमका १ डिसेंबरला असेल तर सगळं एक महिना अलीकडे सरकतं, ते विचारून घ्या. त्या ३१ मार्चच्या आत पार्ट डी घेऊ शकल्या तर पेनल्टीचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी मेडिकेअरचा पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) किंवा पार्ट बी (डॉक्टर आणि उपचारांचा विमा) यांपैकी एक असायला हवा. स्वतः नोकरी केली नसेल तरी नवऱ्याची कामाची ४० क्वार्टर (तिमाह्या) भरली असतील तर पार्ट ए विनाप्रीमियम मिळतो. हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं, मी घरीच होते, मला कुठलं मेडिकेअर. तुम्ही नोटीस आता दिली नाहीत आणि त्यांनी एप्रिलमध्ये चौकशी केली, तर ही सरळ वाट बंद झालेली असेल.

अकाउंटंटची पहिली मुदत केव्हाच संपली, पण २०२४ अखेरपर्यंत ते पीपीओवर होते. तो क्रेडिटेबल असेल, जुने पीपीओ बहुधा असतात, तर तोपर्यंतचे महिने माफ. जानेवारी २०२५ पासून मात्र मोजणी सुरू. नियम असा : क्रेडिटेबल विम्याशिवाय सलग ६३ दिवस किंवा अधिक गेले, की अशा प्रत्येक पूर्ण महिन्यासाठी राष्ट्रीय बेस प्रीमियमच्या (पार्ट डीसाठी सरकार दरवर्षी ठरवतं त्या मूळ हप्त्याच्या) १ टक्का. २०२६ चा बेस प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. त्यांनी एप्रिल २०२६ पासून पार्ट डी घेतला तर पंधरा महिने, १५ टक्के, म्हणजे जवळच्या दहा सेंटांवर आणून महिना ५.८० डॉलर. काहीच केलं नाही, सत्तरीपर्यंत काम केलं आणि जानेवारी २०२९ मध्ये घेतला तर अठ्ठेचाळीस महिने, आजच्या दराने महिना १८.७० डॉलर. रक्कम छोटी दिसते. पण ती आयुष्यभर लागते, प्लॅन बदलला तरी सोबत येते, आणि बेस प्रीमियम वाढला की तीही वाढते. २०२५ मध्ये तो ३६.७८ होता, त्याच्या आदल्या वर्षी ३४.७०.

त्यांच्यासाठी एक वाट अजून उघडी आहे आणि ती तुमच्या हातात आहे. चालू विमा क्रेडिटेबल राहिला नाही, की पार्ट डी घ्यायला खास मुदत मिळते, आणि ती विमा घसरला तेव्हापासून किंवा तसं कळवलं तेव्हापासून, यांत जे नंतरचं असेल त्यानंतर दोन महिने चालते. तुम्ही कळवलंच नव्हतं. म्हणजे आजची उशिराची नोटीससुद्धा त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी कागद नाही, त्यांची मुदत तिच्या तारखेवरून मोजली जाईल. मागच्या महिन्यांची पेनल्टी लागलीच, तर पत्र आल्यापासून ६० दिवसांत फेरविचार मागता येतो, आणि ‘विमा क्रेडिटेबल आहे की नाही हे स्पष्ट सांगणारी नोटीस मला मिळाली नाही’ हे त्यातलं एक मान्य कारण आहे. तेव्हा तुमच्याकडून एक साधं पत्र लागेल : अमुक तारखेपासून अमुक प्लॅन, नोटीस अमुक तारखेपर्यंत दिली गेली नव्हती. असं पत्र द्यायला मालक कचरतात, लेखी कबुली दिल्यासारखं वाटतं म्हणून. माझा सल्ला, द्या. तुमच्यावर ठरावीक दंड नाही हे वर सांगितलं, निवृत्तांच्या औषधांसाठी सरकारी सबसिडी घेणाऱ्या कंपन्या सोडल्यास. नाराज कर्मचाऱ्याचा दावा हाच काय तो तुमचा खरा धोका, आणि पत्र नाकारून तो कमी होत नाही.

नोटिशीबरोबर ‘तुम्ही पार्ट डी घ्याच’ किंवा ‘घेऊ नका’ असं मात्र लिहू नका. कोणती औषधं चालू आहेत, एचएसए आहे का, पुढे किती वर्षं काम करायचंय, यावर ते ठरतं, आणि ते तुम्ही ठरवायचं नाही. प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी सल्लासेवा आहे, फुकट आहे, काही विकत नाही. तिचा नंबर द्या.

‘२० कर्मचारी’ म्हटलं होतं ते आता. वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कंपनीत ६५ च्या वरच्या माणसासाठी मेडिकेअर आधी पैसे देतं, तुमचा प्लॅन नंतर. अकाउंटंटनी पार्ट बी घेतलाच नसेल, तर मेडिकेअरने जे दिलं असतं ते वजा करून उरलेलंच देऊ, असं विमा कंपनी म्हणू शकते. शस्त्रक्रियेचं बिल आल्यावर हे कळणं फार वाईट. त्याचा औषधांच्या नोटिशीशी संबंध नाही, पण चौदा जणांच्या कंपनीत ६७ वर्षांचा माणूस आहे म्हटल्यावर मी हे पहिल्या फोनमध्येच विचारते. एचएसएचं पण तसंच : पार्ट ए सुरू झाला की एचएसएत भर घालता येत नाही, आणि ६५ नंतर उशिरा अर्ज केला तर पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागे लागू होतो. त्यांच्या खात्यात तुम्ही पैसे टाकत असाल तर आधी हे बघा.

या आठवड्यात करायचं ते याच क्रमाने करा. आज कॅरिअर, टीपीए किंवा पीईओला २०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षांसाठी लेखी विचारा. उत्तर आलं की योग्य नमुना भरून सगळ्यांना पाठवा, त्या जोडप्याला कागदावर, हातात. त्यानंतर सीएमएसचा फॉर्म. क्रम उलटा करू नका, कारण नोटीस कोणत्या तारखेला दिली हे फॉर्ममध्ये विचारतात. १ मार्चला रविवार आहे, म्हणून शुक्रवार २७ फेब्रुवारी धरून चाला. एरवी प्लॅन वर्ष सुरू झाल्यापासून ६० दिवस मिळतात, आणि प्लॅन बंद झाला किंवा दर्जा बदलला तर ३० दिवस. फॉर्म लहान आहे : कंपनीचा कर क्रमांक, प्लॅन वर्ष, पर्याय किती, प्रत्येक क्रेडिटेबल आहे की नाही, मेडिकेअरला पात्र माणसं अंदाजे किती. शेवटी येणारं पान छापून किंवा पीडीएफ करून ठेवा. मागच्या वर्षाचा राहिलाय तोही भरा, उशिरा का होईना.

दोन महिने वाट बघून उत्तर आलं नाही तर काय, असं विचाराल. तसं होऊ देऊ नका. पत्नीची ३१ मार्च कुणासाठी थांबणार नाही. मार्चच्या मध्यापर्यंत कॅरिअरकडून काही आलं नाही, तर ‘निकाल अजून हाती नाही, ३१ मार्चच्या आत शिपशी बोला’ एवढं तरी त्यांना लेखी कळवा.

आता एक खास आपल्या लोकांमध्ये भेटणारी अडचण. कर्मचारी म्हणतो, मला पार्ट डी कशाला, वर्षातून एकदा पुण्याला जातो तेव्हा बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या घेऊन येतो. नोटीस न वाचण्याचं हे कारण मी बऱ्याच घरांत ऐकलंय. गोळ्या स्वस्त मिळतात हे खरं. पण औषध विकत घेणं म्हणजे औषधांचा विमा असणं नव्हे, ते महिने मोजले जातातच. त्याउलट कुणी खरोखरच भारतात राहायला गेलं, इथला मुक्काम सोडला, तर ते महिने मोजत नाहीत, कारण अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला पार्ट डी घेताच येत नाही. परत आल्यावर नवी मुदत मिळते. दोन महिन्यांच्या सुट्टीला मात्र हे लागू नाही, आणि ‘आम्ही अर्धं वर्ष तिकडेच असतो’ असं सांगणाऱ्यांनी आपला कायमचा पत्ता कागदोपत्री कुठला आहे ते आधी पाहावं.

अकाउंटंटना एवढं जरूर सांगा की २०२४ अखेरपर्यंतच्या पीपीओचं क्रेडिटेबल असल्याचं पत्र आताच मागून घ्या आणि सोशल सिक्युरिटीच्या कागदांबरोबर ठेवा. पार्ट डी घेतील तेव्हा त्यांचा नवा प्लॅन ६५ पासूनचा सगळा काळ विचारेल. तुम्ही कॅरिअर बदलला असेल तर जुन्या कंपनीकडून असलं पत्र मिळवायला आज एक ईमेल पुरतो. चार वर्षांनी कुणाला लिहायचं तेच सापडणार नाही.